सात जणांची मोडणी

साल २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर तसं आहे, आणि बापानं मास्तरला जेवढं सांगितलं तेवढंच दाखल्यावर आलं. शाळा माझी तिसरीत संपली. हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय. सून दोनदा म्हणाली, "बाबा, तुमी बोला, मी लिवते." मी नको म्हटलं. चूक माझी होती, तर अक्षरंही माझीच असू देत, वाकडी तर वाकडी.

आमची शेती भाताची. कापणी-झोडणी उरकली की बाप घराच्या ओट्यावर बसून टोपल्या, सुपं, भात ठेवायच्या कणग्या विणायचा. त्याच्याकडं बघून माझा हात बसला. पुढं मी शहापूरच्या बाजारात टोपल्या नेऊन विकल्या. मग प्लास्टिक आलं आणि टोपल्यांना कोण विचारीना. अशात एक मॅडम ठाण्याहून आल्या. त्यांनी मुरबाड-शहापूर रस्त्याच्या आत, बंद पडलेल्या भातगिरणीची शेड भाड्यानं घेतली आणि बांबूचे दिवे, खुर्च्या, झोपाळे करायला लागल्या. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही हवे आहात." मला तसं कुणी फार दिवसांत म्हटलं नव्हतं.

आम्ही सात जण होतो. मी. माझी सून, जिला ड्रॉइंग वाचता यायचं आणि शेडचा ताबा जिच्याकडं होता. पाड्यावरचे दोघे भाऊ, कोयता असा चालवायचे की बांबूला कळायचं नाही कधी चिरला गेला. झाडलोट करणारी काकू, माझ्याच वयाची, तोंडानं फाटकी. हे पाच जण रोज शेडमध्ये. आणि शहरातले दोन: मॅडम आणि त्यांचा ड्रॉइंगवाला, पस्तिशीचा माणूस, लोकलनं आसनगावला उतरून शहापूरहून एसटीनं यायचा.

आता मोडणी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझ्या बापाची रीत होती. कणगीचा नवा घाट करायचा झाला की आधी तो हातभर उंचीचा नमुना विणायचा. मग घरातली सगळी माणसं गोल बसायची, आणि तो नमुना हातोहात फिरायचा. ज्यानं त्यानं तो मोडून बघायचा. ओढा, पिळा, त्यावर बसा, काय वाटेल ते. ज्याच्या हातात मोडेल त्यानं सांगायचं, कुठं मोडला आणि का. आणि पुढचा नमुना कसा करायचा ते पहिल्यांदा तोच बोलायचा, मग ती पोर का असेना. याला नेम एकच. माणूस एकही कमी असता कामा नये. बाप म्हणायचा, जो नसतो तो मागनं म्हणतो, मी असतो तर सांगितलं असतं. आणि तेवढ्यावरनं घर फुटतं.

शेडमध्ये मी तीच रीत चालू केली. मॅडम आधी हसल्या. मग ड्रॉइंगवाल्यानं एक दिवा काढला, मोठ्या उलट्या टोपलीसारखा, छताला टांगायचा. नमुना फिरत फिरत काकूकडं आला. काकूनं तो सरळ जमिनीवर ठेवला आणि त्यावर बूड टेकलं.

"काकू, तो दिवा आहे," ड्रॉइंगवाला म्हणाला.

"असंल. पन बसाया बरा हाय."

दिवा मोडला नाही. आम्ही सगळे बघत राहिलो. मॅडमनी तिथंच विचारलं, याच्यावर गादी टाकली तर? त्या वर्षी आमच्या शेडमधनं सगळ्यात जास्त काय गेलं असेल तर ते काकूचं आसन. अशा चार-पाच वस्तू निघाल्या, ज्या कुणा एकाच्या डोक्यातनं निघाल्याच नव्हत्या. मोडता मोडता निघाल्या.

मग ते आजारपणाचं साल आलं, गेलं, आणि जाताना एक खोड ठेवून गेलं. शहरातल्या लोकांना घरनं काम करायची सवय लागली. मॅडमनी ठरवलं, शेडवाले रोज शेडमध्ये, शहरवाले फक्त गुरुवारी येणार, बाकीचे दिवस फोनवर. मधल्या खांबाला खिळा ठोकून त्याला फोन लावला. रोज साडेदहाला त्यात दोन चेहरे उगवायचे, एकाच्या मागं पुस्तकांचं कपाट, एकाच्या मागं वाळत घातलेले कपडे.

गुरुवारसुद्धा पुढं मोडला. या गुरुवारी मॅडम आल्या तर ड्रॉइंगवाल्याच्या घरी पाहुणे. पुढच्या गुरुवारी तो आला तर मॅडम दिल्लीला. कधी दोघं आले तर पाड्यावरच्या भावांच्यात मयत. सात जण एका जागी अशी एक वेळ मिळेना.

आणि मी मोडणी करीना.

सून म्हणाली, "बाबा, फोनवर दाखवून मोडू की. ते बघतील, बोलतील."

"बघतील. हात लावतील का?"

"हात आपलं हायेत ना."

"मग आपुनच मोडू आनि आपुनच बोलू. त्यांना कशाला ठेवायचं खिळ्यावर?"

"तुमच्याशी कोन बोलंल," असं म्हणून ती कामाला लागली.

मला वाटायचं, मी रीत सांभाळतोय. खरं सांगायचं तर राग होता. मॅडमनी ठरवताना मला विचारलं नव्हतं. त्यांनी विचारावं, काका, मोडणीचं कसं करायचं, आणि मग मी सांगावं, सातही जण या. त्यांनी विचारलं नाही. मी बोललो नाही. दोन्हीकडनं दार बंद.

नमुने मात्र येतच राहिले. ड्रॉइंग आलं की सून हातभर नमुना करायची, आणि मोडणी व्हायची बाकी म्हणून मी तो छताच्या वाशाला सुतळीनं टांगून ठेवायचो. एक झाला, तीन झाले. पावसाळा संपेस्तोवर नऊ झाले. वारा आला की सगळे हळूहळू फिरायचे, कधी एकमेकांवर आपटायचे. काकू खाली झाडताना वर बघायची नाही.

"काढ रं ते," ती मला म्हणाली. "फासावर दिल्यावानी दिसत्यात."

"मोडनी झाली की उतरवीन."

"आनि तू मेलास तर? मग सात कसं व्हनार? मोडनी बंदच का मग?"

दोघे भाऊ हसले. मला हसू आलं नाही.

त्या वर्षात आमच्याकडनं नवीन काही निघालं नाही. साडेदहाला फोन उगवायचा, कागद दाखवायचा, आम्ही "हो" म्हणायचो, फोन मावळायचा. मॅडम विचारायच्या, "कुणाला काही सुचतंय का?" आणि मग जी शांतता पडायची ती सगळ्यांना नकोशी व्हायची. सुचायला हातात काहीतरी लागतं. कागदाला बूड टेकवता येत नाही. थोरला भाऊ, जो पूर्वी उरलेल्या कामट्यांची चिमणी करून काकूच्या केरसुणीला अडकवायचा, तो आता मापाप्रमाणे बांबू कापायचा, ढीग लावायचा आणि भिंतीला टेकून बसायचा.

बारावा नमुना टांगला तो त्या मांडवाचा.

टोकावड्याच्या पुढं, घाटाकडच्या रस्त्यावर, कुणा शेठनं लग्नकार्यासाठी मैदान केलं होतं. हिरवळ, कारंजं, आणि मधोमध त्याला बांबूचा कायमचा मांडव हवा होता, छत्रीसारखा गोल. बारा खांब, प्रत्येक खांबावरनं एकेक वाकवलेला बांबू वर जाणार आणि बाराही बांबू शेंड्याला एका बांबूच्याच जाड कड्यात अडकणार. मध्ये खांब नाही. खाली तीनशे माणसं बसतील एवढी जागा. इतकं मोठं काम आमच्याकडं कधी आलं नव्हतं. मॅडमचा आवाज फोनमधनंही वेगळा लागत होता.

ड्रॉइंग बघितलं तेव्हाच माझ्या मनात खुटकलं. जोड सगळे नटबोल्टचे होते, आणि बोल्टचं भोक काही ठिकाणी दोन गाठींच्या बरोबर मध्ये येत होतं. बांबूला भोक पाडायचं तर गाठीच्या जवळ. मधलं कांडं पोकळ असतं, ते भोकापासनं चिरत जातं. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आमच्याकडच्या.

मॅडमनी फोनवर विचारलं, "काका, तुम्ही बघितलंत ना? काही वाटतंय?"

मी म्हणालो, "ड्रॉइंगमदी सगळं हाय ना? मग मला काय विचारता."

त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे काकांचा होकार." आणि पुढच्या कामाला लागल्या.

एवढंच झालं. दोन वाक्यं. मी मनात म्हटलं, विचारायचं तर मोडणीला बोलवा, असं खिळ्यावरनं काय विचारता. सुनेनं माझ्याकडं वळून बघितलं होतं. तिनं काही विचारलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतोही.

मांडव आठ दिवसांत उभा राहिला. चैत्र सरत आला होता. दिसायला तो फार सुंदर झाला, हे मला म्हणावंच लागेल. बघायला आलेली माणसं खाली उभी राहून वर तोंड करून गोल फिरायची. शेठनं वैशाखातल्या पहिल्याच रविवारी तिथं एक साखरपुडा धरला.

उभा केल्यावर चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, उरलेलं सामान आणायला मी एकटा तिथं गेलो. दुपारचं ऊन. मैदानात कोणी नाही, गेटवरचा वॉचमन झाडाखाली झोपलेला. मी मांडवाखाली सावलीला बसलो. आणि वर कुठंतरी 'तड' असा आवाज झाला.

बांबू वाळताना बोलतो. मला त्याचं काही नाही. पण हा आवाज एकदा झाला, मग मी विडी ओढीस्तोवर काही नाही, मग पुन्हा. एकाच बाजूनं. पश्चिमेकडच्या तीन खांबांपाशी, जिथं दुपारचं ऊन सरळ बसतं. जवळ जाऊन बघितलं. बोल्टपासनं एक चीर निघाली होती, बोटाएवढी, केसासारखी बारीक. तिन्ही खांबांना तशीच.

मैदानाच्या कोपऱ्यात आचाऱ्यासाठी चूल होती, तिच्यातला कोळशाचा तुकडा मी उचलला आणि जिथं चीर संपत होती तिथं आडवी रेघ मारली, तिन्हीकडं. स्वतःला म्हटलं, वाळतोय, बसंल जागेवर.

शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून पुन्हा गेलो. चीर रेघेच्या पुढं गेली होती, चार बोटं. मी दुसरी रेघ मारली. तिथंच बसून राहिलो. संध्याकाळी निघताना बघितलं तर दुसऱ्या रेघेलाही ती शिवली होती. वॉचमन मागं येऊन उभा राहिला.

"काय बाबा, मोजमाप चाललंय?"

"हां. मोजमाप."

"परवा येताय ना जेवायला? साडेतीनशे पान हाय म्हनं."

एसटीत बसलो तेव्हा माझे हात कोळशानं काळे होते आणि धोतराला पुसूनही निघत नव्हते. कुणाला सांगायचं? सांगायचं तर काय सांगायचं? की मला ड्रॉइंग बघताच कळलं होतं? मग बोलला का नाहीस, असं विचारतील. मॅडम विचारतील, सून विचारेल. सुनेनं शेडच्या वतीनं त्या ड्रॉइंगवर सही केली होती. या सगळ्याला उत्तर मी वाटेतच शोधून काढलं. शनिवारी काथ्या भिजवायचा, रविवारी पहाटे गुपचूप जायचं, तिन्ही जोड जुन्या पद्धतीनं काथ्यानं आवळून बांधायचे. ओला काथ्या वाळला की लोखंडासारखा धरतो. साखरपुडा पार पडेल. कुणाला कळायचं नाही.

मला त्या रात्री झोपही लागली. ते आठवलं की अजून स्वतःची भीती वाटते.

शनिवारी दुपारी शेडमध्ये मी पिंपात काथ्या भिजवत होतो. सून आली.

"बाबा, काथ्या कशाला?"

"असाच."

"असाच दोन बिंडं? खुर्च्यांना नायलॉन लावतो आपुन."

मी काथ्या पाण्यात खाली दाबला. ती पिंपाजवळ उभी राहिली. मग माझ्या धोतराकडं बघितलं, कोळशाच्या डागांकडं. सून हुशार आहे.

"काल मांडवावर कशाला गेलावता? आनि परवा?"

मग सांगितलं. सगळं सांगितलं, भोकाचं, चिरेचं, रेघांचं. सांगताना मी पिंपातल्या पाण्याकडंच बघत होतो. दोघे भाऊ कोयते ठेवून जवळ आले. काकूनं केरसुणी भिंतीला लावली.

"दोन दिस," सून म्हणाली. "दोन दिस तुमी गप? बाबा, खाली पोरं बसतील. बाया बसतील."

"म्हनून तर बांधनार हाय. उद्या पहाटं."

"आनि बांधून धरलं नाय तर?"

"धरंल."

"कशावरनं?"

"मी सांगतो म्हनून."

तिनं स्टूल घेतलं, त्यावर चढली, आणि बारावा नमुना वाशावरनं उतरवला. सुतळी दातानं तोडली. मग खांबावरचा फोन काढून मॅडमना लावला, ड्रॉइंगवाल्याला त्यात घेतलं. शनिवारी शहरवाल्यांना सुट्टी, कधी फोन जात नसे. मॅडम कुठल्यातरी गाडीत होत्या, ड्रॉइंगवाला घरी, बनियनवर. सुनेनं चार वाक्यांत त्यांना सांगितलं. मी केलेलं तिनं लपवलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही.

फोनमध्ये ड्रॉइंगवाला आपले कागद उलटायला लागला.

मग ती माझ्याकडं वळली. "आज सात हायेत. बसा."

"हे सात नाय. दोगं तिकडं—"

"ए म्हाताऱ्या," काकू म्हणाली, "तुझा बाप वर बसून ऐकतोय असं समज आनि बस गप खाली. त्यो तर फोनाच्या पन पल्याड हाय. त्याला धरतोस ना मोजाया?"

मी बसलो.

सुनेनं फोन या वेळी सुतळीनं वरच्या वाशाला टांगला, खाली तोंड करून, म्हणजे नमुना त्यांना वरनं दिसेल. मी नमुन्याचे तीन पाय, म्हणजे ते तीन खांब, काथ्याच्या धाग्यानं बांधून दिले, जसं उद्या बांधणार होतो तसं. नमुना काकूकडनं फिरायला लागला. तिनं दाबला, धरला. थोरल्या भावानं ओढला, धरला. धाकट्यानं ओढला. माझे जोड हलले नाहीत. खरं सांगतो, माझी छाती फुगली.

"थांबा," फोनमधनं ड्रॉइंगवाला म्हणाला. "ताई, पुन्हा एकदा. दादांनी ओढलं तसंच, पण सावकाश. मधल्या कड्याकडं बघा."

आम्ही सगळे पायांकडं बघत होतो. चीर पायांना होती, म्हणून.

धाकट्यानं सावकाश ओढलं. पाय पक्के. पण वरचं कडं, जिथं बाराही बांबू अडकतात, ते पिळ घेत होतं, ओला पंचा पिळावा तसं. बाजूनं दिसत नव्हतं. वरनं दिसत होतं.

"माझं चुकलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "कड्यात पण भोकं मधेच आहेत. सगळी एका रेषेत. पाय ढिले होते तोवर ताण तिथं निघून जात होता. पाय बांधले की सगळा ताण कड्यावर. अजून थोडं ओढा."

धाकट्यानं थोडं ओढलं. कडं फुटलं. आवाज मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. बाराही कामट्या एकदम मोकळ्या झाल्या आणि नमुना जमिनीवर पसरला. तीन पाय तेवढे उभे राहिले, माझे, काथ्यानं बांधलेले.

मी त्या तीन पायांकडं बघत राहिलो. उद्या पहाटे मी हेच करणार होतो. चिरा झाकल्या असत्या. वरनं कुणी बघितलं नसतं. आणि मग दुपार झाली असती, पश्चिमेचं ऊन आलं असतं, खाली पंगत बसली असती.

काकूनं पसरलेल्या कामट्या गोळा करून माझ्यापुढं ठेवल्या.

मॅडमनी तिथंच गाडी थांबवून शेठला फोन लावला. आम्हाला त्यांचं अर्धंच ऐकू येत होतं. "नाही... एक दिवस पण नाही... मी लेखी देते... अहो, माणसं आहेत खाली." परत आमच्याकडं आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. शेठ म्हणाले होते, पाहुणे निघालेत, सजावटवाला सकाळी आठला येतोय, सोमवारी काय करायचं ते करा. हे तुमचे लोक घाबरट आहेत. आज सहा दिवस उभा आहे, उद्या एक दिवस उभा राहील.

"काका," मॅडम म्हणाल्या, "सोडवता येईल का? आठच्या आत?"

"आठ दिसांत बांदलाय, बाई."

"तेच विचारतेय."

मी म्हणालो, "सोडवायला बांधन्यापेक्षा अक्कल जास्त लागती. कुठला बांबू आधी सुटला तर बाकीचे कुठं झुकतील, ते मला सांगता यायचं नाय." हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते मला ठाऊक. आयुष्यात बांबूच्या बाबतीत मी ते पहिल्यांदा बोललो.

ड्रॉइंगवाला म्हणाला, "ते मी काढून ठेवतो. पण मी बघून सांगेन, तुम्ही हाताला काय लागतंय ते मला सांगायचं. मला इथनं ते कळत नाही."

"शेठ पोलिसात गेला तर?" थोरल्या भावानं विचारलं.

"सही माझी हाय," सून म्हणाली. "नाव माझं सांगा."

"सही तुझी," मी म्हणालो, "पर होकार माझा व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाचही जण पहिल्या गाडीनं टोकावड्याला उतरलो आणि तिथनं चालत मैदानावर गेलो. उजाडलं होतं. वॉचमनला वाटलं, पाहुण्यांच्या आधी शेवटचा हात फिरवायला आलेत. त्यानं गेट उघडलं. खुर्च्या येऊन पडल्या होत्या, कोपऱ्यात आचाऱ्यानं चूल पेटवली होती. पश्चिमेच्या खांबांवर चिरा माझ्या शेवटच्या रेघेच्या वीतभर पुढं गेल्या होत्या. काकूनं आचाऱ्याला आणि वॉचमनला शिव्या घालत गेटबाहेर काढलं. तिला ते जमतं.

दोघा भावांनी कड्याला चार बाजूंनी दोर टाकून ताणून धरलं. सुनेनं फोन लांब काठीला बांधला आणि काठी उंच केली, म्हणजे ड्रॉइंगवाल्याला वरनं दिसावं. भाऊ म्हणाले, शिडीवर आम्ही चढतो. मी म्हटलं, नाही. शिडी मी लावली.

वर पोचलो तेव्हा कड्याला हात लावला. ते थरथरत होतं. वारा अजिबात नव्हता.

"काय लागतंय हाताला, काका?" फोनमधनं आवाज आला.

"कापतंय," मी म्हणालो. "डाव्या अंगाला जास्त."

"मग डाव्या बाजूला हात लावू नका. तुमच्या समोरचा, पूर्वेचा, तो आधी."

माझ्या मनात उलटं होतं. मी डाव्यालाच आधी मोकळं केलं असतं. पाना पूर्वेच्या नटाला लावला आणि फिरवला. नट सुटला, बांबू हळूच मागं गेला, दोर ताणले गेले, कडं अर्धा बोट खाली आलं आणि थांबलं. खाली कुणीतरी श्वास सोडलेला मला वर ऐकू आला. फाटकाकडं सजावटवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला होता.

मी नट खिशात टाकला, काठीवरच्या फोनकडं तोंड केलं आणि विचारलं, "आता कुठला?"